'मदतनीस' कोणाला म्हणायचं?

दुसरं महायुद्ध चालू असताना, ऑगस्ट १९४१ मध्ये, आंद्रे द योंग ही २४ वर्षांची बेल्जियन तरुणी स्पेनमधल्या बिल्बाओच्या ब्रिटिश वाणिज्य दूतावासात येऊन उभी राहिली. सोबत एक स्कॉटिश सैनिक आणि दोन बेल्जियन. जर्मनांच्या ताब्यातल्या ब्रुसेल्सहून निघून, फ्रान्स आणि स्पेनमधला पिरेनीज पर्वत पायी ओलांडून ही मुलगी आली, यावर अधिकाऱ्यांचा विश्वासच बसेना. तिने वाटखर्च मागितला. वरून हुकूम घ्यायला मात्र ठाम नकार दिला. जर्मनांनी पाडलेल्या दोस्त राष्ट्रांच्या विमानांतल्या वैमानिकांना घरोघरी लपवत स्पेनला पोचवणारी साखळी इथून उभी राहिली.

मराठीत आपण अशा सगळ्या सैनिकांना सरसकट 'निसटलेले' म्हणतो. दोस्त राष्ट्रांच्या दफ्तरात मात्र दोन वेगळी खाती होती. शत्रूच्या हाती सापडून मग सुटला तो 'एस्केपर', मुळात सापडलाच नाही तो 'इव्हेडर'. हा नुसता शब्दांचा कीस नव्हता. १९०७ च्या हेग करारानुसार पळालेला युद्धकैदी तटस्थ देशात पोचला की त्याला मोकळं ठेवायचं. कधीच न पकडलेल्या सैनिकाला तो देश अडकवून ठेवू शकत असे. म्हणून तटस्थ स्पेनमध्ये विचारलंच, तर 'कैदेतून सुटून आलो' असं सांगणं शहाणपणाचं.

आसरा देणाऱ्यांना असं कुठलंच खातं नव्हतं. पॅरिसमधला २२ सप्टेंबर १९४१ चा जर्मन फतवा स्पष्ट होता: पुरुषाला जागीच गोळी, बाईला जर्मनीतली छळछावणी, आणि पकडून देणाऱ्याला १०,००० फ्रँकपर्यंत बक्षीस. वैमानिक सापडला, तर गळ्यातल्या लष्करी ओळखीच्या बिल्ल्याच्या जोरावर निदान युद्धकैदी ठरण्याची आशा होती.

स्पेनच्या सरहद्दीजवळच्या उरून्य या फ्रेंच गावातल्या शेतघरात पाहुण्यांना दोरीच्या तळव्यांचे कापडी जोडे मिळत. मग त्या डोंगराळ मुलखातला बास्क वाटाड्या पुढे, बाकीचे मागे. सरहद्दीवरच्या बिदासोआ नदीच्या काठी विजारी काढून गळ्याभोवती बांधायच्या आणि अंधारात, गारठलेल्या पाण्यात उतरायचं. जानेवारी १९४३ मध्ये त्याच घरावर धाड पडली. 'प्रमुख मीच' असं त्या तरुणीने सांगूनही चौकशी करणाऱ्यांना ते पटलं नाही. ती छळछावणीतून जिवंत परतली. त्या घरची मालकीण मात्र रावेन्सब्रुक या बायकांच्या छळछावणीतच मरण पावली. तरुणीच्या वडिलांना मार्च १९४४ मध्ये गोळ्या घातल्या.

युद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी या लोकांना 'हेल्पर', म्हणजे मदतनीस म्हटलं, आणि कामाप्रमाणे प्रतवारी लावून पदकं, प्रशस्तिपत्रकं वाटली. मला हा शब्द तोकडा वाटतो. मदत करणारा सहसा स्वतः सुरक्षित असतो. एक रात्र ठेवून घेऊन कोरडे कपडे आणि गरम सूप देणारी बाई त्या प्रतवारीत खाली बसली. फतव्यात तिच्यासाठीही तीच छावणी लिहिलेली होती.