डाळिंबाची साल आणि अंड्यातली खिडकी

डाळिंबाची साल जुन्या घरांत वाळवून ठेवत, हगवण लागली की काढा करायला. आता प्रयोगशाळेत तिच्याबद्दल वेगळाच प्रश्न विचारला जातो: हिच्या अर्काने नव्या रक्तवाहिन्या फुटायच्या थांबतात का?

या प्रश्नामागे कॅन्सर आहे. गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात, त्या रोखल्या तर गाठ खुंटेल, असं बोस्टनचे शल्यविशारद जूडा फोकमन यांनी १९७१ साली मांडलं. त्यावर अनेकांचा विश्वास बसला नाही. अखेर २००४ मध्ये याच तत्त्वावरचं बेव्हासिझुमॅब हे औषध अमेरिकेत मंजूर झालं.

अर्काची पहिली परीक्षा बहुतेकदा कोंबडीच्या फलित अंड्यात होते. अंडी साधारण ३७ अंशांवर उबवतात. तिसऱ्या दिवशी सुईने थोडा पांढरा बलक काढला की आतला भाग कवचापासून खाली सरकतो. मग वरून छोटी खिडकी कापून ती टेपने बंद करतात. आठव्या-दहाव्या दिवशी आत डोकावलं, तर पातळ पडद्यावर लाल रेघांचं दाट जाळं दिसतं. पिल्लू याच पडद्यातून श्वास घेतं. सालीच्या पुडीतून इथेनॉलने काढलेला अर्क कागदाच्या चकतीवर घेऊन ती जाळ्यावर ठेवायची आणि दोन-तीन दिवसांनी चकतीभोवतीच्या फांद्या मोजायच्या.

ऐकायला सोपं, पण फसगत इथेच होते. खिडकी कापताना कवचाची भुकटी पडद्यावर पडली तरी दाह होतो आणि चकतीच्या दिशेने वाहिन्या वळलेल्या दिसतात. उलट अर्क जहाल असेल, तर पेशीच मरतात आणि जाळं विरळ होतं; त्याला वाढ रोखणं म्हणता येत नाही. अर्कात इथेनॉल उरलं असेल तर परिणाम त्याचाही असू शकतो. म्हणून नुसत्या द्रावकाची चकती ठेवलेली अंडी सोबत हवीतच. ती नसतील, तर माझ्या मते तो निकाल वाचण्यातही अर्थ नाही.

समजा, हे सगळं नीट सांभाळून जाळं विरळ झालं. तरी अंड्यात अर्क थेट पडद्यावर ठेवलेला असतो. माणसाला तो पोटातून जावा लागतो. डाळिंबसालीतलं मुख्य द्रव्य प्युनिकॅलॅजिन. त्याचा रेणू इतका मोठा की तो जसाच्या तसा रक्तात जवळपास पोचतच नाही. त्यातून एलाजिक आम्ल सुटतं, आतड्यातले जिवाणू त्याची युरोलिथिन नावाची संयुगं बनवतात, आणि ती किती व कोणती बनतील हे माणसागणिक बदलतं. त्यामुळे अंड्यातला डोस पाहून चमचाभर पुडीचा हिशेब मांडता येत नाही.

‘सालीची पूड घ्या, गाठ विरघळते’ असे निरोप कॅन्सर रुग्णांच्या घरी फिरतात, तेव्हा फार वाईट वाटतं. पूड सुरू केलीच असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना जरूर सांगा, विशेषतः शस्त्रक्रिया ठरली असेल तर. जखम भरायलाही नव्या रक्तवाहिन्याच लागतात. म्हणूनच मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किमान २८ दिवस बेव्हासिझुमॅब देत नाहीत.