लॉ जर्नलला लेख पाठवताय? आधी हे वाचा, मग पेनड्राइव्ह घेऊन या

नमस्कार. पुण्यात शिवाजीनगर कोर्टाच्या आजूबाजूला टायपिंग आणि डीटीपीची दुकानं खंडीभर आहेत, आमचं त्यातलंच एक. वकीलपत्र, अफिडेव्हिट, नोटिसा हे रोजचं काम, पण आता लॉ कॉलेज रोडवरून मुलं येतात, प्रॅक्टिस करणारे वकीलसाहेब येतात, पीएचडीवाल्या मॅडम येतात आणि म्हणतात की जर्नलला लेख पाठवायचाय, जरा फॉरमॅट करून द्या, उद्या लास्ट डेट आहे. ही "उद्या लास्ट डेट" आमच्या पाचवीला पुजलेली आहे. प्रत्येकाला काउंटरवर उभं राहून तेच तेच सांगून घसा बसतो म्हणून हे पत्रक छापलंय, चहा घेता घेता वाचून टाका.

पहिलं म्हणजे ज्या जर्नलला पाठवायचंय त्याच्या गाईडलाइन्सचा प्रिंट घेऊन या. हसू नका, दहातले सातआठ जण रिकाम्या हाताने येतात आणि विचारतात की "नेहमीचा फॉरमॅट असेल ना?" नेहमीचा असा फॉरमॅट नसतो हो. एकाला सहा हजार शब्द पुरे, दुसऱ्याला दहा हजारापर्यंत चालतात, केस कॉमेंटला (एखाद्या निकालावरचं टिपण) बहुतेक जण दोनतीन हजाराच्या पुढे जाऊ देत नाहीत. कुणी शब्दमर्यादेत फूटनोट मोजतात, कुणी मोजत नाहीत, आणि तुमच्या लेखात दीड हजार शब्द नुसते तळटिपांत असतील तर या एका ओळीवर सगळं फिरतं. संपादकांकडे लेख गेला की पहिली चाळण याचीच लागते, तुमचा कायद्याचा मुद्दा किती भारी आहे ते नंतर. म्हणजे घासून घासून लिहिलेला लेख कुणी नीट न वाचताच परत येऊ शकतो, आणि कारणाला लिहिलेलं असतं "मार्गदर्शक सूचनांनुसार नाही", बास.

आता सायटेशन, म्हणजे निकालांचे आणि पुस्तकांचे संदर्भ द्यायची पद्धत, हे आमचं खरं डोकं खाणारं काम. त्याच्या नियमावल्या वेगवेगळ्या, ब्लूबुक हे अमेरिकेतलं, हार्वर्ड, येल, कोलंबिया आणि पेनसिल्व्हेनियाच्या लॉ रिव्ह्यूवाल्यांनी मिळून केलेलं, ऑस्कोला ऑक्सफर्डचं, आणि इंडियन लॉ इन्स्टिट्यूटची स्वतःची वेगळी पद्धत आहे. केशवानंद भारतीचा निकाल घ्या. तो (१९७३) ४ एससीसी २२५ ला आहे आणि एआयआर १९७३ एससी १४६१ लाही आहे, निकाल एकच, पत्ते दोन (एससीसी आणि एआयआर हे निकाल छापणारे दोन रिपोर्टर). जर्नल म्हणतं फक्त एससीसी द्या तर दोन्ही द्यायचे नाहीत. ब्लूबुकमध्ये पक्षकारांच्या नावामधल्या व्ही नंतर टिंब येतं आणि नाव संपल्यावर स्वल्पविराम, ऑस्कोलात टिंबही नाही आणि स्वल्पविरामही नाही. तुम्हाला वाटेल टिंबाने काय बिघडतं, पण दोनशे तळटिपांत निम्म्यांत टिंब आणि निम्म्यांत नाही असं दिसलं की संपादकाला कळतं, हे तीन लेखांतून उचलून एकत्र चिकटवलंय.

२०२३ पासून सुप्रीम कोर्टाने न्यूट्रल सायटेशनही सुरू केलंय, आधी साल, मग आयएनएससी, मग नंबर. कुठल्या खाजगी रिपोर्टरचं नाव त्यात येत नाही. आपल्या मुंबई हायकोर्टाचंही तसं आहे, बीएचसीपुढे एएस दिसलं तर अपिलेट साइड, ओएस दिसलं तर ओरिजिनल साइड. नवा निकाल असेल तर हे टाकाच. आणि सुप्रीम कोर्टाचे निकाल कोर्टाच्याच ई-एससीआर साइटवर फुकट मिळतात, तेव्हा व्हॉट्सॅपवर आलेल्या पीडीएफवरून पान नंबर देऊ नका, त्या पीडीएफचं पान बारा आणि रिपोर्टचं पान बारा यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

एक छोटी गोष्ट, पण हिच्यापायी आम्ही रात्री जागलोय. ब्लूबुकमध्ये "सुप्रा नोट १४" असं लिहितात, म्हणजे चौदा नंबरची टीप बघा. तुम्ही तो चौदा हाताने टाइप करता, मग गाईड सर म्हणतात मध्ये एक टीप घाला, चौदाची पंधरा होते आणि खालचे सगळे सुप्रा चुकतात. वर्डमध्ये क्रॉस-रेफरन्स नावाची सोय आहे ती वापरा, नंबर आपोआप सरकतात (सरकल्यावर एकदा तळटिपेत क्लिक करून, कंट्रोल ए करून एफ नाइन दाबायचं, हे कुणी सांगत नाही).

मराठीत लेख असेल तर थोडं जास्त ऐका. जुने वकीलसाहेब अजून श्रीलिपीत टाइप केलेलं आणतात, ते आमच्या मशीनवर दिसतं छान पण संपादकाच्या लॅपटॉपवर नुसती चिन्हं दिसतात, कारण ते युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखं दिसणारं, नाही. कन्व्हर्टरने बदलता येतं, पण "दुसऱ्या", "कार्य", "पूर्ण" अशा शब्दांत रफार आणि अर्धा र हमखास घसरतो, आणि तळटिपांचं तर विचारूच नका. एकदा आमच्याकडूनच झालंय, एका गिऱ्हाइकाचा चाळीस पानी लेख कन्व्हर्ट केला आणि तळटिपा जुन्याच फॉन्टमध्ये राहिल्या, आमच्या स्क्रीनवर दिसत होत्या म्हणून लक्षातच आलं नाही, तिकडे गेल्यावर सगळा कचरा. माफी मागून परत करून दिलं. तेव्हापासून प्रत्येक फाइल आम्ही फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या मशीनवर उघडून बघतो, मगच देतो. शब्दांचं म्हणाल तर भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश टेबलावर असतो. प्रोव्हायझोला (कलमात "परंतु" म्हणून जोडलेला अपवाद) एकदा परंतुक म्हटलं की शेवटपर्यंत परंतुकच, मध्येच "अट" आणि मग "तरतूद" असं करू नका, कायद्याच्या लेखात शब्द बदलला की वाचणाऱ्याला वाटतं अर्थ बदलला.

१ जुलै २०२४ पासून नवे तीन फौजदारी कायदे लागू झाले आणि आमच्याकडे फाइंड-रिप्लेसची साथ आली. एक विद्यार्थी आला, म्हणाला सगळीकडे आयपीसी (जुना दंड कायदा) ३०२ आहे तिथे बीएनएस (नवी भारतीय न्याय संहिता) १०३ करून टाका. आम्ही हात जोडले. कोर्टाने २०१५ च्या निकालात ४२० लिहिलं असेल तर अवतरण चिन्हात ४२० च राहणार, तिथे ३१८ केलं तर तुम्ही कोर्टाच्या तोंडी नसलेले शब्द घातले. शिवाय १ जुलै २०२४ च्या आधीच्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागतो, त्यामुळे कुठे जुनं आणि कुठे नवं हे लेखकानेच ठरवायचं, दुकानदाराने नाही. जुनं कलम ठेवून तळटिपेत "आता भारतीय न्याय संहितेचं अमुक कलम" एवढं दिलं तरी बऱ्याच ठिकाणी भागतं.

समीक्षेची पद्धत बहुतेक ठिकाणी नाव झाकून असते, म्हणजे वाचणाऱ्याला तुमचं नाव माहीत नाही आणि तुम्हाला त्याचं. म्हणून नाव, कॉलेज, आभार हे सगळं वेगळ्या कव्हर पेजवर. आणि "मी माझ्या आधीच्या लेखात म्हटल्याप्रमाणे" असं लिहून नाव स्वतःच फोडू नका. वर्डच्या प्रॉपर्टीजमध्ये ऑथर म्हणून नाव असतं तेही काढावं लागतं, परवा एका मुलीच्या फाइलमध्ये तिथे सायबर कॅफेचं नाव निघालं, तिचं नशीब. काढायचं काम आम्ही करतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

सिमिलॅरिटी, म्हणजे दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ चे नियम आहेत, त्यात दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, त्यापुढे चाळीस, साठ असे टप्पे. कायद्याचा मजकूर, संदर्भयादी, रीतसर श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचं किरकोळ साम्य यातून वगळायचं असतं. पण सॉफ्टवेअरला ते आपोआप कळत नाही, घटनेचं कलम २१ जसंच्या तसं दिलं तरी ते लाल करून दाखवतं, म्हणून रिपोर्ट काढताना सेटिंग बघायला लागतं आणि जर्नलची स्वतःची मर्यादा काय आहे तेही. इथे स्पष्ट सांगतो, "साम्य कमी करून द्या" म्हणून शब्द इकडचे तिकडे करून देणं आम्ही करत नाही, कितीही पैसे दिले तरी. लेख लिहूनही देत नाही. टायपिंग, मुद्रितशोधन, सायटेशन, फॉरमॅट एवढंच आमचं.

एआयचं पण तेच. बरीच जर्नलं आता लिहून मागतात की एआय वापरलं का, आणि कशासाठी. लेखक म्हणून एआयचं नाव चालत नाही, चुकलं तर जबाबदारी घ्यायला माणूस लागतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात माता विरुद्ध एव्हियांका या केसमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निकाल जोडले, ते निकाल अस्तित्वातच नव्हते, कोर्टाने पाच हजार डॉलरचा दंड केला. आमच्याकडे सायटेशन तपासायला दिलंत तर प्रत्येक निकाल आम्ही उघडून बघतो, सापडला नाही की पिवळा करून परत देतो, त्या पिवळ्यावर आमच्याशी भांडू नका.

निकालातले उतारे घ्यायला हरकत नाही, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये त्याला मोकळीक आहे. पण ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या निकालात, (२००८) १ एससीसी १, सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की प्रकाशकाने स्वतःचं डोकं लावून केलेली काही संपादकीय भर, जसं की परिच्छेद पाडून नंबर देणं, ही त्याच्या हक्काची. आणि हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर प्रकाशकाने दिलेला सारांश, तर अजिबात उचलू नका, ते कोर्टाचे शब्दच नसतात, तरी निम्मे लेख हेडनोटवरच उभे असतात.

बलात्काराच्या किंवा पॉक्सोच्या (मुलांवरचे लैंगिक गुन्हे) केसवर लिहिताना पीडितेची ओळख कुठेही येता कामा नये, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ बघा, आधीच्या आयपीसीत ते २२८ अ होतं, पॉक्सोसाठी त्याच कायद्याचं कलम २३. नाव नाही, गावही नाही, बापाचं नावसुद्धा नाही. अशी फाइल आली तर आम्ही सेटिंगला घेण्याआधी तुम्हाला फोन करतो. निकालावर टीका मात्र बिनधास्त करा, अंतिम निकाल लागलेल्या केसच्या गुणदोषांवर रास्त टीका केली तर तो अवमान नाही, हे अवमान कायद्याच्या कलम ५ मध्येच आहे. न्यायाधीशाच्या हेतूवर घसरायचं नाही, एवढं सांभाळा.

वकीलसाहेबांसाठी खास. लेखकाच्या परिचयात "अमुक केस जिंकलेले नामवंत वकील", ऑफिसचा पत्ता, मोबाईल नंबर असलं घालायला सांगू नका. बार कौन्सिलच्या नियम ३६ मध्ये जाहिरातीला मनाई आहे आणि स्वतः लढवलेल्या केसबद्दल फोटो छापून आणण्यालाही. लेख स्वतःच्याच केसवर असेल तर पहिल्याच तळटिपेत तसं सांगून टाका की मी यात अमक्या बाजूने होतो, संपादकाला नंतर कळलं तर ते जास्त वाईट.

एकच लेख चार ठिकाणी पाठवू नका. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी चालवलेल्या लॉ रिव्ह्यूंमध्ये ते चालतं, त्यांची पद्धतच तशी आहे, आपल्याकडे बहुतेक जर्नलं "लेख अन्यत्र पाठवलेला नाही" असं सही करून घेतात. सही करता तेव्हा कॉपीराइटचा कागदही वाचा, वकील असूनही लोक न वाचता सही करतात याचं आम्हाला नवल वाटतं. हक्क किती वर्षांसाठी दिले ते लिहिलेलं नसेल तर कायद्याने पाच वर्षं धरतात, हद्द लिहिलेली नसेल तर भारतापुरती. नंतर तो लेख पुस्तकात घ्यायचा असेल तर हे आधीच मागून घ्या.

शेवटी पैसे मागणाऱ्या जर्नलांबद्दल. "दोन दिवसांत पब्लिश, आयएसएसएनसहित" असे मेसेज तुम्हालाही येत असतील. आयएसएसएन हा नुसता आठ आकडी ओळख नंबर आहे, दर्जाचा शिक्का नाही. एका गिऱ्हाइकाने तिथे पैसे भरले, लेख आलासुद्धा, शीर्षकात दोन चुका आणि नाव भलत्याचंच. पूर्वी लोक यूजीसी केअरची मान्य जर्नलांची यादी बघायचे, तिचं काम आपल्याच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायचं, पण यूजीसीने ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, तरी काही जण अजून "केअर लिस्टेड" म्हणून मिरवतात. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, मागचे अंक उघडतात का, समीक्षेला किती वेळ लागतो हे सांगतात का, ते बघा. चांगल्या ठिकाणी दोनतीन महिने सहज जातात. छापून येईल अशी गॅरंटी आम्ही देत नाही, जो देतो त्याच्याकडे जाऊ नका.

येताना गाईडलाइन्सचा प्रिंट, वर्डची फाइल (पीडीएफ नको, त्यातून तळटिपा निघत नाहीत) आणि लास्ट डेटच्या आधीचे निदान चार दिवस घेऊन या. दर काउंटरवर लावलेत, तळटिपांचे वेगळे मोजतो. दुपारी दुकान चालू असतं, हो, पुण्यात असूनसुद्धा.