जमावबंदी की संचारबंदी? नागपूरचं तिकीट रद्द करण्याआधी

"नागपुरात १४४ लागलं म्हणे. येऊ का नको?"

शहरात काही गडबड झाली की अमरावतीच्या, वर्ध्याच्या, पुण्याच्या नातेवाइकांचे फोन याच प्रश्नाने सुरू होतात. हो किंवा नाही असं एका शब्दात सांगता येत नाही, कारण १४४ म्हणताना कुणाच्या मनात जमावबंदी असते, तर कुणाच्या मनात संचारबंदी. दोन्ही आदेश एकाच कलमाखाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली, निघत आल्यामुळे हा गोंधळ होतो. खरं तर ते कलमही आता बदललं आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ लागू झालं, पण लोकांच्या तोंडी अजून १४४च आहे. कलम एक असलं तरी प्रवासाला निघणाऱ्यासाठी या दोन आदेशांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जमावबंदी म्हणजे पाच किंवा त्याहून जास्त लोकांनी एकत्र जमायचं नाही. सभा, मोर्चा, मिरवणूक बंद. तुम्ही एकटे किंवा दोघं-तिघं कुठेही जा. दुकानं, बस, मेट्रो त्या आदेशामुळे थांबत नाहीत. आणि जमावबंदी लागली म्हणजे दंगल झाली असंही नाही. दहावी-बारावीच्या परीक्षा केंद्रांच्या आसपास ती लागते. मुंबई पोलीस कायदा म्हणून जुन्या लोकांना माहीत असलेल्या, १९५१च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालीही असे मनाई आदेश निघतात, एका वेळी जास्तीत जास्त १५ दिवसांचे, आणि सणासुदीच्या तोंडावर ते नेहमीच निघतात. लग्नाला येणाऱ्यांनी एवढंच बघावं की आदेशात लग्न आणि अंत्यविधीला सूट लिहिली आहे का. बहुतेकदा असते, तरी यजमानांनी जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून घेतलेलं बरं. वरातीचं मात्र वेगळं आहे; तिच्यासाठी परवानगी मिळेलच असं धरून चालू नये.

संचारबंदीत घराबाहेरच पडायचं नाही. एकट्यानेही नाही. दवाखान्यासारखं कारण असेल तरच सवलत. मोडणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

आता १७ मार्च २०२५ ची रात्र आठवा. औरंगजेबाच्या कबरीवरून दिवसभर वातावरण तापलं, अफवा पसरल्या आणि महाल या जुन्या वस्तीत, चिटणीस पार्क भागात दगडफेक, जाळपोळ झाली. रात्री उशिरा हंसापुरीतही गाड्या फोडल्या, जाळल्या. त्यानंतर पोलीस आयुक्तांनी संचारबंदी लावली. बाहेरगावी बातमी पोचली ती "नागपुरात कर्फ्यू" एवढीच. प्रत्यक्षात ती अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत होती: कोतवाली, गणेशपेठ, तहसील, लकडगंज, पाचपावली, शांतीनगर, सक्करदरा, नंदनवन, इमामवाडा, यशोधरानगर आणि कपिलनगर. शहरात ठाणी तीसहून जास्त आहेत. सीताबर्डी आणि धरमपेठ या यादीत नव्हते.

शिवाय संचारबंदी एका झटक्यात उठत नाही. २० मार्चला नंदनवन आणि कपिलनगर मोकळं झालं, काही ठाण्यांच्या हद्दीत दुपारचे दोन तास सूट मिळाली, आणि कोतवाली, तहसील, गणेशपेठ, यशोधरानगर सगळ्यात शेवटी, २३ मार्चला सुटलं. दोन तासांची सूट म्हणजे बाजार उघडला असं बाहेरून वाटतं, पण तेवढ्यात दूध, भाजी, औषधं घेऊन लोक घरी परततात. इतवारीत लग्नाचं सोनं घ्यायला यायची ती वेळ नव्हे.

म्हणून विचारायचं ते असं: कोणता आदेश आहे, आणि कोणत्या ठाण्याच्या हद्दीत? मग आपल्या वाटेवरचं प्रत्येक ठिकाण त्या यादीशी ताडून बघा. नागपुरात एक सोय अशी की रेल्वेची लाइन शहराचे सरळ दोन भाग पाडते. स्टेशनच्या पश्चिमेकडच्या मुख्य दारातून बाहेर पडलात की सिव्हिल लाइन्स, सीताबर्डी. संत्रा मार्केटच्या बाजूने पडलात की सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू, आणि पुढे गांधीबाग, इतवारी, महाल. एकाच गाडीतून उतरलेल्या दोन माणसांना त्या आठवड्यात दोन वेगळी शहरं भेटली असती. एसटीने येणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं, कारण मोठं बसस्थानक गणेशपेठेत, म्हणजे यादीतल्याच भागात आहे. अशा वेळी आधीच्या थांब्यावर उतरता येईल का, हे कंडक्टरला विचारा, आणि घ्यायला येणाऱ्याला तिकडेच बोलवा.

आदेश वाचून सगळं कळतं असं मात्र मला म्हणायचं नाही. आदेश घटनेनंतर निघतो. सतरा तारखेच्या रात्री स्टेशनकडे निघालेल्या एका माणसावर वाटेतच हल्ला झाला आणि काही दिवसांनी त्याचा दवाखान्यात मृत्यू झाला. सगळ्यात मोठा धोका त्या पहिल्या रात्रीचा असतो, आणि तेव्हा कागदावर काहीच आलेलं नसतं. त्यामुळे गडबड चालू असल्याचं कळलं आणि तुम्ही अजून घरीच असाल, तर त्या रात्री निघूच नका, मग आदेश निघालेला असो वा नसो. वाटेत असाल तर स्टेशनच्या आत थांबा, उजाडू द्या. अडचण आली तर ११२ लावा.

पुढच्या दिवसांत मग यादी बघून ठरवा. उतरायचं आणि राहायचं ठिकाण संचारबंदीच्या हद्दीत असेल तर पुढे ढकला. तिकीट किंवा लग्नपत्रिका दाखवली की नाक्यावर सोडतीलच, या भरवशावर लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन निघू नये. मेयो किंवा मेडिकल या सरकारी दवाखान्यांत पेशंट असेल तर थांबून चालणार नाही. तेव्हा दवाखान्याचे कागद वरच्या खिशात ठेवा आणि निघण्याआधी त्या भागातल्या ठाण्याला फोन करून रस्ता विचारा. हद्दीबाहेर फक्त जमावबंदी असेल तर खुशाल या. यादी मात्र फॉरवर्ड होऊन आलेली घेऊ नका. नागपूर शहर पोलिसांच्या अधिकृत खात्यावरचीच बघा, आणि तिच्यावरची तारीख बघा. संचारबंदी उठून गेली तरी तिचे मेसेज ग्रुपवर फिरतच राहतात.