ऑनलाइन परीक्षेत कॉपी का होते?

कॅमेरा बंद, लॅपटॉपवर प्रश्नपत्रिका आणि हातातल्या मोबाइलवर वर्गाच्या ग्रुपमध्ये धडाधड येणारे मेसेज: ‘तिसऱ्याचं ब’, ‘सातवा चुकलाय, ड टाका’. हे पाहिलं की ‘आजकालची मुलंच अप्रामाणिक’ असा निकाल देऊन आपण मोकळे होतो. मला तो पटत नाही, कारण त्याच्या विरोधातला पुरावा जवळपास शंभर वर्षं जुना आहे.

ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे या अमेरिकी संशोधकांनी सुमारे ११ हजार शाळकरी मुलांना वेगवेगळ्या प्रसंगांत फसवणुकीची संधी देऊन पाहिली आणि १९२८ साली निष्कर्ष छापले. एका ठिकाणी लबाडी करणारं मूल दुसऱ्या ठिकाणी सरळ वागत होतं. प्रामाणिकपणा स्वभावापेक्षा प्रसंगावर जास्त अवलंबून असल्याचं त्यांना दिसलं. कॉलेजच्या ऑनलाइन परीक्षांतही तेच दिसतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात १९ अभ्यासांतली माहिती एकत्र केली होती. त्यात ऑनलाइन परीक्षेत कॉपी केल्याची कबुली देणारे कोविडपूर्वी सुमारे ३० टक्के होते, कोविडच्या काळात ५५ टक्के. सर्वाधिक सांगितलेलं कारण एकच, संधी मिळाली.

मग नुकसान कोणाचं होतं? इथे स्मृतीचं विज्ञान फार महत्त्वाचं आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानंतर चित्र पालटलं. आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर सांगता आला, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. लिहून झाल्यावर बरोबर-चूक कोणीही सांगितलं नव्हतं, तरीही हा फरक पडला. म्हणजे डोक्याला ताण देऊन उत्तर बाहेर काढणं हाच अभ्यासाचा मोठा भाग आहे. परीक्षेत तो आपोआप घडतो आणि ग्रुपवरचं ‘ब’ नेमका तोच हिरावून घेतं. मार्क मिळतात, पण पुढच्या सत्रात तोच धडा नव्याने शिकावा लागतो.

यावर उपाय म्हणून पहारा वाढवला जातो. नजर जरा बाजूला गेली की कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर संशयाची खूण करतं, मग विद्यार्थी नुसता विचार करत छताकडे बघत असला तरी. एआयने, म्हणजे मशीनने लिहिलेला मजकूर ओळखणारी साधनं तर जपूनच वापरायला हवीत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने २०२३ साली असं एक साधन आणलं आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी मागे घेतलं. कंपनीच्याच चाचणीत ते मशीनचा २६ टक्के मजकूर पकडत होतं आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर चुकीचा आळ घेत होतं. हेच प्रमाण शंभर जणांच्या वर्गाला लावून पाहा. समजा दहा जणांनी असाइनमेंट मशीनकडून लिहून घेतली. त्यातले दोन-तीन सापडतील, आणि स्वतः लिहिणाऱ्या नव्वदांपैकी आठ जण विनाकारण अडकतील. प्रामाणिक विद्यार्थ्याला आपण चोरी केली नाही हे सिद्ध करत बसावं लागणं मला कॉपीइतकंच गंभीर वाटतं.

संधीच जर मूळ असेल, तर परीक्षेची रचना बदलायला हवी. वर्षाचं ओझं एका पेपरवर न टाकता थोड्या मार्कांच्या छोट्या चाचण्या वरचेवर घेतल्या, तर एकेका चाचणीत कॉपी करण्याचा मोह कमी होतो आणि आठवण्याचा सरावही होतो. असाइनमेंटनंतर पाच मिनिटं तोंडी विचारावं: ‘ही पायरी का घेतलीस? इथे आकडा बदलला तर काय होईल?’ ज्याने स्वतः काम केलंय तो अडखळत का होईना, सांगतो. शिवाय काय चालेल आणि काय नाही, हे प्रत्येक कामावर स्पष्ट लिहिलेलं असावं. मित्राशी चर्चा चालेल का? एआयकडून भाषा सुधारून घेतली तर? एका विषयाचे शिक्षक ‘हो’ म्हणतात, दुसरे ‘नाही’, आणि बऱ्याचदा विद्यार्थ्याला हे कळतं ते नोटीस हातात पडल्यावर.