घड्याळ जसे आहे तसेच आणावे: जुन्या घड्याळांच्या दागिन्यांविषयी ग्राहकांसाठी माहिती

घरातील बंद पडलेल्या घड्याळाचे पेंडंट किंवा कानातले करून देण्यापूर्वी आम्ही त्याचे छायाचित्र मागवतो, हे आपणांस ठाऊक आहे. ते छायाचित्र चांगले यावे म्हणून अनेक ग्राहक आदल्या रात्री घड्याळ उघडून चिंचेच्या कोळाने किंवा भांड्यांच्या पावडरने घासतात, आणि आमचे काम तेथेच दुप्पट होते. देव्हाऱ्यातील समईला जे मानवते ते घड्याळाच्या चाकाला मानवत नाही.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. आंबट पदार्थात ते बराच वेळ राहिले की पृष्ठभागावरचे जस्त आधी निघून जाते व चाकावर गुलाबी-तांबूस डाग उरतात. ते काढण्यासाठी धातू घासावा लागतो आणि बारीक दाते तेवढे सोसत नाहीत. त्याच चाकाचा मधला दांडा पोलादी असतो, त्यामुळे सांध्यात राहिलेल्या पाण्याने तो गंजू लागतो, आणि नाशिकच्या पावसाळ्यात तर पाहायलाच नको. तबकडीचे नुकसान मात्र भरून निघतच नाही. एका ग्राहकाच्या आजोबांच्या एचएमटी ‘जनता’ घड्याळावरील देवनागरी अक्षरे ओल्या फडक्याने पुसली गेली, आणि त्यांना दागिन्यात नेमकी तीच अक्षरे हवी होती.

आम्ही आधी मुख्य स्प्रिंगचा ताण उतरवतो, कारण ती उसळली तर बोट कापते. त्यानंतर सुटे भाग पेट्रोलमध्ये धुऊन जुने तेल पूर्ण काढतो. तेलाचा अंश राहिला तर दागिन्यात वापरलेले रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारी कृत्रिम राळ) धरत नाही. या कामाचे शुल्क दागिन्याच्या किमतीतच धरलेले असते, म्हणून घरी धुऊन आपले पैसे वाचत नाहीत. घड्याळावर ‘17 ज्वेल्स’ लिहिले असल्यास त्या माणकांची किंमत वजा करावी, अशीही मागणी येते. ती माणके कृत्रिम असून चाकांच्या दांड्यांची झीज कमी व्हावी म्हणून बसवलेली असतात. सराफ बाजारात त्यांना भाव नाही.

अंधारात चमकणारी तबकडी असलेले 1960 च्या दशकापर्यंतचे घड्याळ असेल, तर ते मुळीच उघडू नये. आज कोणत्याही चमकत्या पट्टीला रेडियम म्हणतात, पण त्या काळच्या रंगात अनेकदा खरेच रेडियम असे, आणि चमक गेली तरी त्याचा किरणोत्सर्ग जात नाही. अशी घड्याळे आम्ही स्वीकारत नाही.

छायाचित्र खिडकीजवळ, थेट ऊन टाळून आणि फ्लॅश बंद ठेवून काढावे. फ्लॅशमुळे काच पांढरी होते आणि गंज दिसत नाही. शेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवावे. ते 27 मिलिमीटरचे असल्याने आम्हांस माप कळते. आमच्या दागिन्यांची छायाचित्रेही आम्ही अशाच उजेडात काढतो. पिवळ्या दिव्याखाली पितळ सोन्यासारखे दिसते आणि विक्रीही बरी होते, पण पार्सल उघडल्यावर ग्राहकाचा चेहरा पडलेला आम्हांस नको आहे.

चालू स्थितीतील घड्याळ आम्ही मोडत नाही. तरीही अशा दागिन्यांची आवड असल्यास आमच्याकडे भंगारातून निवडलेल्या भागांचे तयार दागिने आहेत. घड्याळ आधीच घासले असल्यास ते लपवू नये. कशाने घासले एवढे सांगावे, म्हणजे कोणते भाग वाचतील हे आम्ही सुरुवातीलाच सांगू शकतो.