दूषित रक्तातून संसर्ग झाला असेल तर चौकशीची मागणी कशी करावी : इंदूरच्या कुटुंबांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

माझ्या मावसबहिणीकडे एक शंभर पानी वही आहे. तिच्या मुलाला थॅलेसेमिया, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. दर वेळी पिशवीवरचा क्रमांक, रक्त घेतल्याची तारीख, मुदत आणि रक्तपेढीचं नाव ती त्या वहीत उतरवून घ्यायची. मुलाला हेपॅटायटिस सी निघाला, तेव्हा रुग्णालयाला सापडत नव्हत्या त्या सगळ्या नोंदी या वहीत होत्या. म्हणून अर्जाच्या आधी कागदांचं बोलते.

रक्तपेढीने आपल्या नोंदी पाच वर्षं जपाव्यात असा नियम आहे. त्यानंतर त्या नष्ट झाल्या तर कुणाला जाब विचारणार? रुग्णालयाकडे आजच लेखी अर्ज द्या. रुग्णाने स्वतःची कागदपत्रं मागितली की ती 72 तासांत द्यावीत, असं डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेत आहे. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, क्रॉसमॅचचा (दात्याचं रक्त रुग्णाशी जुळतं का त्या तपासणीचा) रिपोर्ट, रक्त दिल्याची पावती हे सगळं मागा. सर्वांत मोलाचे दोन रिपोर्ट : संसर्ग नसल्याचा शेवटचा आणि असल्याचा पहिला. या दोन तारखांच्या मधल्या पिशव्या आधी तपासाव्या लागतात. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, सिफिलिस हा गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी सक्तीची आहे. संसर्ग नुकताच झालेला असेल तर तपासणीत तो सुटूही शकतो, आणि रक्तपेढी बहुधा हेच कारण पुढे करील. ते खरं की तपासणीच झाली नव्हती, हे रजिस्टर पाहिल्याशिवाय कळत नाही.

अर्ज रुग्णाला स्वतः करता येतो. मूल अल्पवयीन असेल तर आईवडील आणि रुग्ण दगावला असेल तर वारस करू शकतात. डायलिसिस, बाळंतपण, अपघात, ऑपरेशन, कोणत्याही कारणाने रक्त चढलेलं असलं तरी चालतं.

सरकारी रुग्णालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. फी 10 रुपये, बीपीएल कार्ड असेल तर माफ. आपल्याकडे तो हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावा लागतो, मराठीत चालत नाही. पिशवीचे क्रमांक देऊन तपासणीचे निकाल, किट्सचा बॅच क्रमांक आणि त्या दात्याची पुन्हा तपासणी झाली का, एवढंच विचारा. दात्याचं नाव मागू नका. ते मिळणार नाही आणि मागणं योग्यही नाही. उत्तराची मुदत 30 दिवस. रक्तपेढी खाजगी असेल तर तिला परवाना देणाऱ्या औषध प्रशासनाकडे अर्ज करा. तपासणी अहवाल तिथे असतात. माहिती अधिकारातून काय निघतं ते 2016 मध्ये दिसलं. देशभरात 17 महिन्यांत 2,234 रुग्णांनी आपल्याला रक्तातून एचआयव्ही झाल्याचं स्वतः सांगितलं होतं, हा आकडा अशाच एका अर्जाला मिळालेल्या उत्तरातून बाहेर आला.

आता खुद्द चौकशी आयोगाबद्दल. 1952 च्या चौकशी आयोग कायद्यानुसार राज्य सरकार आयोग नेमू शकतं, आणि विधानसभेने ठराव केला तर नेमावाच लागतो. अट एकच : बाब सार्वजनिक महत्त्वाची हवी. एकट्या कुटुंबाचा अर्ज ‘वैयक्तिक तक्रार’ म्हणून फाइलला लागतो. त्यामुळे चार-पाच कुटुंबांनी मिळून एकच निवेदन द्यावं. सोबत तक्ता जोडावा : रुग्णाचा सांकेतिक क्रमांक, रक्त चढवल्याच्या तारखा, पिशव्यांचे क्रमांक, रक्तपेढी. निवेदन मुख्यमंत्र्यांच्या नावे, प्रती आरोग्यमंत्री आणि आपल्या आमदारांना. विधानसभेत सरकारचं लक्ष वेधणारी ध्यानाकर्षण सूचना आमदारच देऊ शकतात. मंगळवारच्या जनसुनवाईत मोती तबेल्याच्या कलेक्टर कार्यालयातही प्रत द्या. आवक क्रमांकाची पावती घेतल्याशिवाय तिथून उठू नका.

ब्रिटनमध्ये 30,000 हून अधिक रुग्णांना दूषित रक्त आणि रक्तघटकांतून संसर्ग झाला, सुमारे 3,000 दगावले. कुटुंबं अनेक दशकं लढली तेव्हा 2017 मध्ये सार्वजनिक चौकशी जाहीर झाली. मे 2024 च्या अहवालाने हा अपघात नव्हता असं स्पष्ट म्हटलं, आणि काही कागद मुद्दाम नष्ट केल्याचंही नोंदवलं. तोवर कितीतरी आईबाप जग सोडून गेले होते. हे वाचल्यापासून मी भेटेल त्या आईला वही घालायला सांगते.

आयोगाची वाट पाहताना इतर मुदती हुकवू नका. मानवाधिकार आयोगाकडे घटनेपासून एक वर्षात तक्रार करावी, फी नाही. पैसे देऊन उपचार घेतले असतील तर ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रक्तातून एचआयव्ही झालेल्या हवाई दलातल्या एका माणसाला दीड कोटींहून जास्त भरपाई दिली. ग्राहक आयोगाने त्याची तक्रार आधी फेटाळली होती. उच्च न्यायालयात जायचं तर खंडपीठ इंदूरलाच आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, मुलं आणि दिव्यांग यांना मोफत वकील मिळतो, आणि 2016 च्या कायद्यानुसार थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे दिव्यांगत्वात मोडतात.

एचआयव्ही असेल तर नाव उघड होण्याची धास्ती असते, आणि ती रास्त आहे. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार न्यायालयात टोपणनावाने दाद मागता येते. एकत्रित निवेदनातही मुलाचं नाव, शाळा, पत्ता लिहू नका.

चौकशीसाठी उपचार थांबवू नका. एचआयव्हीची औषधं एआरटी केंद्रावर मोफत मिळतात आणि हेपॅटायटिस सीची राष्ट्रीय कार्यक्रमातून. त्या कार्डांचीही झेरॉक्स काढून फाइलला लावा.