उत्तर दिशा वर नसते

भिंतीवरचा नकाशा मुलांच्या डोक्यात एक घोटाळा पक्का करून ठेवतो. उत्तर कुठे, असं विचारलं की मूल छताकडे बोट दाखवतं. त्याची काही चूक नाही, नकाशात उत्तर वरच असते! खेळाच्या मैदानावर रंगवलेले नकाशे मला म्हणूनच फार मोलाचे वाटतात. नकाशा आडवा झाला की ‘वर’ उरतच नाही.

मात्र तो तसा आखायला हवा. पुष्कळदा नकाशा भिंतीला समांतर काढून टाकतात. दिसतो नीटनेटका, पण त्यावर पूर्वेकडे धावणारं मूल प्रत्यक्षात भलतीकडेच जात असतं. रंगाचा डबा उघडण्याआधी एक दिवस काठीला द्यावा. सपाट जागी काठी ओळंब्यात उभी रोवा आणि बुंध्याभोवती दोरीने वर्तुळ आखा. सकाळी सावली आखडत येते, तिचं टोक वर्तुळाला टेकेल तिथे खूण करा. दुपारनंतर सावली लांबत जाऊन पुन्हा टेकेल तिथे दुसरी. या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. सकाळची खूण पश्चिमेची. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून थोडी ढळलेली असू शकते, सावलीचं तसं नाही.

आता माप. जगाचा नकाशा १० मीटर रुंद काढला तर विषुववृत्ताचे ४०,०७५ किलोमीटर त्यात बसतात, म्हणजे १ सेंटिमीटरला साधारण ४० किलोमीटर. एव्हरेस्टची ८,८४९ मीटर उंची या मापाने जेमतेम २ मिलिमीटर भरते. रंगाचे थर जरा जाड बसले की झाला हिमालय! आणखी एक गंमत: २४ तासांना १० मीटर, म्हणजे तासाला सुमारे ४२ सेंटिमीटर. लहान मुलाचं एक पाऊल साधारण तेवढंच. पूर्वेला एक पाऊल टाकलं की घड्याळ एक तास पुढे. रेखांशांवर अर्धा तास डोकं खाजवूनही जे गळी उतरत नाही, ते इथे चालता चालता उतरतं.

चालण्याला महत्त्व आहेच. उंदीर फिरत असताना ठरावीक जागी आल्यावरच चेतणाऱ्या मेंदूपेशी जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये दाखवल्या. पुढे मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांना जागेची जणू जाळीच आखणाऱ्या पेशी सापडल्या. २०१४ चं नोबेल या तिघांना मिळालं.

सपाट नकाशा खोटंही बोलतो. मर्केटर या नकाशाकाराच्या १५६९ च्या पद्धतीने काढला तर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या १४ पट आहे. नकाशाच्या कडा तर त्याहून फसव्या. एका मुलीला डावीकडे अलास्कावर उभं करा, दुसरीला उजवीकडे रशियाच्या पूर्व टोकाशी. दोघींमध्ये अख्खं मैदान, ओरडून बोलावं लागेल. खरं तर बेरिंगची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी ८५ किलोमीटरच्या आसपास आहे. फरशी काही गुंडाळता येत नाही. तेव्हा पृथ्वीगोल मैदानावरच घेऊन या आणि दोघींना त्यावर आपापली जागा बोटाने शोधू द्या.